वसंतातली उपासना, सहभागिता आणि सेवा: मेथडिस्ट मंडळीत येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

चर्चच्या दारात उभं राहून आलेल्यांचं स्वागत करायचं काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. वर्षभर लोक काही ना काही विचारतात, पण राखेच्या बुधवारापासून पेन्टेकॉस्टपर्यंतच्या साधारण तीन महिन्यांत प्रश्न सगळ्यात जास्त येतात. कुणी पहिल्यांदाच आलेलं असतं, कुणी लग्नानंतर या मंडळीत आलेलं असतं, तर कुणी लहानपणापासून इथेच असूनही कधी विचारायला धजलेलं नसतं. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उपासनेच्या वेळा आणि काही रीती मंडळीगणिक बदलतात. त्या आपापल्या पाळकांना विचारून घ्याव्यात.

'वसंतातली उपासना' म्हणजे फक्त ईस्टरचा रविवार का?

नाही, आणि हा गैरसमज मला फार जाणवतो. ईस्टर हे शिखर आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी वाट आहे. त्याच्या आधी लेंट, म्हणजे उपवासाचा आणि पश्चात्तापाचा काळ: राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस. त्यातले सहा रविवार वगळले की उरतात ४०, प्रभू येशूने अरण्यात काढले तेवढे. रविवार का वगळायचे? कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस, त्यामुळे तो उपवासात धरत नाहीत. ईस्टरच्या पलीकडे ५० दिवसांचा आनंदाचा काळ असतो. त्यात चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस. म्हणजे आनंदाचे दिवस उपवासाच्या दिवसांपेक्षा जास्त आहेत. तरी बहुतेकांना लेंट आठवतो आणि ते ५० दिवस विसरले जातात.

दक्षिण गोलार्धात याच दिवसांत शरद ऋतू असतो. तेव्हा 'वसंत' हा शब्द ऋतूपेक्षा चर्चच्या कॅलेंडरला धरून समजावा.

ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते?

कारण ती चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. सगळ्या मंडळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा, हे इ. स. ३२५ च्या निकिया परिषदेत ठरलं. ही पौर्णिमा चर्चच्या गणिताने काढलेली असते, त्यामुळे आकाशातल्या पौर्णिमेशी तिचा कधीतरी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. या हिशेबाने ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला, २०२७ मध्ये २८ मार्चला आणि २०२८ मध्ये १६ एप्रिलला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या कॅलेंडरने मोजतात, म्हणून त्यांचा ईस्टर बहुतेक वर्षी वेगळ्या रविवारी असतो.

कपाळावर राख लावून घ्यावीच लागते का? मेथडिस्टांत ही रीत आहे?

आहे, पण फार जुनी नाही. मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये ती गेल्या काही दशकांत रुळली. त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना ती अनोळखी वाटली तर नवल नाही. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) झावळ्या जपून ठेवतात, त्या जाळून राख करतात आणि पाळक त्या राखेने कपाळावर क्रूसाची खूण करतात. माणूस माती आहे आणि मातीलाच मिळणार आहे, याची ती आठवण. कुणाला लावून घ्यायची नसेल तर जागेवर बसून प्रार्थना करावी. कुणी काही म्हणत नाही.

लेंटमध्ये उपवास सक्तीचा आहे का?

सक्ती नाही. पण 'सक्ती नाही' म्हणजे 'गरज नाही' असंही नाही.

मेथडिस्ट चळवळ सुरू केली ते जॉन वेस्ली (१७०३–१७९१) ऑक्सफर्डमध्ये असताना आपल्या मित्रांबरोबर बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करत. प्रार्थना, पवित्र शास्त्राचं वाचन, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेणं) आणि उपवास यांना ते कृपेची साधनं म्हणत. देवाची कृपा आपल्यापर्यंत पोचायच्या या नेहमीच्या वाटा आहेत, असं त्यांचं सांगणं. कृपा कमवता येत नाही, पण ती जिथून येते त्या वाटेवर जाऊन उभं राहता येतं. उपवासाविषयी बोलताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या: शरीराला इजा होईल इतकं ताणू नका, आणि उपवासाला दयेच्या कामाची जोड द्या. राखेच्या बुधवारी यशयाचा ५८ वा अध्याय वाचतात, त्यातही हेच आहे. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, हा देवाला आवडणारा उपवास.

म्हणून सोपा मार्ग असा. एक वेळचं जेवण सोडलंत तर त्याचे पैसे वेगळे काढून ठेवा आणि ईस्टरला ते सेवेच्या अर्पणात घाला. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नका. त्याऐवजी दुसरं काही सोडा किंवा काहीतरी नवीन धरा. माझ्या मते सोडण्यापेक्षा धरणं कठीण. ४० दिवस गोड न खाणं जमून जातं, पण दर आठवड्याला एका एकट्या माणसाला भेटायला जाणं तिसऱ्या आठवड्यातच मोडतं. मोडलं तर चौथ्या आठवड्यात पुन्हा जावं.

पवित्र आठवड्यात रोज यायचं का? कुठल्या दिवशी काय असतं?

जमेल तितकं या. झावळ्यांच्या रविवारी मुलं पुढे झावळ्या घेऊन चालतात आणि मागे आपण गात जातो. पण त्याच उपासनेत पुष्कळदा दुःखसहनाचं संपूर्ण वाचनही होतं, त्यामुळे 'होसान्ना'वरून 'वधस्तंभावर खिळा'पर्यंत आपण एका तासात जाऊन पोचतो. पहिल्यांदा येणाऱ्याला ते जड वाटू शकतं.

गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन असतं आणि काही मंडळ्यांत एकमेकांचे पाय धुतात (योहान १३). चपला सहज काढता येतील अशा घाला. पाय धुवायला बहुतेकजण तयार होतात, पण धुऊन घ्यायला संकोचतात. येशूचा शिष्य पेत्रही संकोचला होता. उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं, पुष्कळ ठिकाणी दुपारी बारा ते तीन. शनिवार रिकामा असतो. तो तसा ठेवण्याचं कारण पुढे एका उत्तरात आलं आहे.

ईस्टरची पहाटेची उपासना कुठून आली?

स्त्रिया मोठ्या पहाटे कबरेकडे गेल्या, हे शुभवर्तमानातच आहे. त्या वेळी कबरस्तानात जमून गायची जी रीत आज जगभर दिसते, तिची पहिली नोंद १७३२ ची आहे. जर्मनीतल्या हेर्नहूट इथे मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीतले काही तरुण ईस्टरच्या पहाटे गावाच्या कबरस्तानात गेले आणि पुनरुत्थानाची गीतं गायले.

याच मोरेव्हियन लोकांची वेस्लींशी पुढे गाठ पडली. वेस्ली अमेरिकेला जात असताना समुद्रात वादळ झालं. बाकीचे प्रवासी घाबरून ओरडत होते आणि मोरेव्हियन कुटुंबं शांतपणे स्तोत्र गात होती. आपल्याला मरणाची भीती वाटते आणि यांना वाटत नाही, ही गोष्ट वेस्लींच्या मनात घर करून राहिली. पहाटेच्या अंधारात कबरांमध्ये उभं राहून 'प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे' असं म्हणताना मला ते जहाज नेहमी आठवतं.

मी मेथडिस्ट नाही. मला प्रभुभोजन घेता येईल का?

बहुतेक मेथडिस्ट मंडळ्यांत येईल. मेज प्रभूचं आहे, मंडळीचं नाही, अशी आमची श्रद्धा. जे प्रभूवर प्रीती करतात, पापाचा मनापासून पश्चात्ताप करतात आणि एकमेकांशी शांतीने राहू इच्छितात, त्यांना निमंत्रण असतं. सभासदाचा दाखला कुणी मागत नाही. काही मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यावं अशी अपेक्षा असते, म्हणून शंका असली तर पाळकांना आधी विचारा. घ्यायचं नसेल तर पुढे येऊन फक्त आशीर्वाद घेता येतो.

प्याल्यात दारू असते का, हाही प्रश्न याला जोडूनच येतो. पुष्कळ मेथडिस्ट मंडळ्यांत नसते. १८६९ मध्ये थॉमस वेल्च नावाच्या अमेरिकन मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस तापवून, न आंबता टिकवून दाखवला. तो प्रभुभोजनासाठीच केला होता. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसही त्या मेजाजवळ निर्धास्त येऊ शकतो, याचं मला फार मोल वाटतं.

लहान मुलं गडबड करतात. त्यांना आणू का?

आणा. पुढच्या बाकावर बसवा, म्हणजे त्यांना दिसेल. रडू लागली तर बाहेर फिरवून पुन्हा आत या, क्षमा मागायची गरज नाही.

मला गाता येत नाही आणि गीतं ओळखीची नाहीत.

तरी गा. मेथडिस्टांचं तत्त्वज्ञान त्यांच्या गीतांत आहे. जॉनचे धाकटे भाऊ चार्ल्स वेस्ली यांनी सहा हजारांवर गीतं लिहिली. ईस्टरला जगभर गायलं जाणारं त्यांचं पुनरुत्थानाचं गीत १७३९ चं. जॉन यांनी १७६१ मध्ये गाण्याविषयी सूचनाच छापल्या: सगळ्यांनी गावं, अर्धमेल्या आवाजात गाऊ नये, पण दुसऱ्याचा आवाज दाबेल इतकं ओरडूही नये, ताल सांभाळावा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक शब्द गाताना देवाकडे लक्ष असावं. आवाज चांगलाच हवा, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

सहभागिता म्हणजे उपासनेनंतरच्या गप्पा आणि खाणंपिणं का?

तेही आहे आणि ते हवंच. पण मेथडिस्टांत या शब्दामागे बरंच काही आहे.

१७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्ट सभागृहावरचं कर्ज कसं फेडायचं, याचा विचार चालला होता. एकाने सुचवलं: प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बाराजणांचा एक गट करावा, आणि गटप्रमुखाने घरोघर जाऊन ती गोळा करावी. ज्यांना पेनी परवडत नाही त्यांची प्रमुखाने स्वतः भरावी. पैशासाठी घरोघर जाऊ लागल्यावर खरी घरं दिसली. कुणाच्या घरी आजार, कुणाच्या घरी भांडण, कुणी पुन्हा दारूकडे वळलेला. वेस्लींच्या लक्षात आलं, की माणसांची काळजी घ्यायला हीच व्यवस्था हवी होती. त्यातून 'क्लास मीटिंग' उभी राहिली. दर आठवड्याला थोडी माणसं एकत्र बसायची आणि एकमेकांना विचारायची: तुझ्या जिवाचं कसं चाललं आहे?

वसंतात पुष्कळ मंडळ्या असे छोटे गट पुन्हा सुरू करतात, कारण लेंटचे सहा आठवडे त्याला सोयीचे पडतात. सहा ते बाराजण, तासभर, एक वाचन आणि हाच प्रश्न. पहिल्या दोन बैठकांत सगळे 'बरं आहे' म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कुणीतरी खरं बोलतं. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं, ही अट मोडली तर गट संपला, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं.

याशिवाय प्रीतिभोजन आहे, हीसुद्धा मोरेव्हियनांकडून आलेली रीत. साधी भाकर किंवा पाव आणि पाण्याचा एकच प्याला हातोहात फिरतो, आणि ज्याला वाटेल तो उठून देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष देतो. हे प्रभुभोजन नव्हे, त्यामुळे ते चालवायला पाळकच हवेत असंही नाही. ईस्टरनंतरच्या एखाद्या संध्याकाळी ते ठेवलं तर एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी माणसं बोलती होतात.

चर्चने प्रार्थना करावी. समाजसेवा कशासाठी?

हा प्रश्न जितक्या वेळा येतो तितक्या वेळा मी तेच सांगते: मेथडिस्टांत या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. कृपेच्या साधनांत वेस्लींनी भक्तीची कामं धरली तशीच दयेची कामंही धरली. म्हणजे आजाऱ्याला भेटायला गेल्याने फक्त त्याचं भलं होतं असं नाही, तर त्या भेटीत देव आपल्यालाही भेटतो. १७४३ मध्ये त्यांनी मंडळीसाठी तीन सामान्य नियम घातले: कुणाचं वाईट करू नका, होईल तितकं भलं करा, आणि देवाने नेमलेली साधनं पाळा. भलं करणं उपासनेच्या आधी येतं, तेही सगळ्यांसाठी.

आणि त्यांनी ते करून दाखवलं. १७३० पासून ऑक्सफर्डच्या तुरुंगात कैद्यांना भेटायला सुरुवात. १७४६ मध्ये लंडनला गरिबांसाठी दवाखाना, आणि त्याच वर्षी छोट्या कामधंद्यासाठी उसने पैसे देणारा फंड. जानेवारी १७८५ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, गरिबांच्या कपड्यांसाठी २०० पौंड हवे होते, तेव्हा ते स्वतः चार दिवस लंडनच्या रस्त्यांवर घोट्यापर्यंतच्या वितळत्या बर्फातून दारोदार मागत फिरले आणि शेवटी आजारी पडले. मरणाच्या सहा दिवस आधी, २४ फेब्रुवारी १७९१ ला, त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स यांना पत्र लिहिलं: गुलामगिरीविरुद्धचं काम सोडू नका. त्यांचं हे पत्र वसंताच्या तोंडावरचं आहे, लेंटच्या वाचनात ते जरूर घ्यावं.

मग आमच्या मंडळीने वसंतात काय करावं?

आधी विचारावं. एका वर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने कपडे गोळा केले. सभागृहाचा कोपरा भरून गेला. ज्या वस्तीसाठी ते होते तिथे घेऊन गेलो तेव्हा एक आजी म्हणाल्या, "कपडे आहेत गं. रुग्णालयात रात्री सोबतीला बसायला माणूस नाही." आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडे सेवेची पहिली पायरी म्हणजे दोन माणसांनी जाऊन ऐकून येणं.

त्यानंतर सुचेल ते पुष्कळ आहे: रुग्णाजवळ पाळीपाळीने बसणं, रक्तदान, तुरुंगात भेट, सुट्टीत मुलांचा अभ्यास घेणं, झाडं लावून ती जगेपर्यंत पाणी घालणं, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची बिलं आणि अर्ज भरून देणं. शेवटचं काम कुणाच्या फोटोत येत नाही, पण त्याची मागणी सगळ्यात जास्त असते. थोडी कामं घ्या आणि पेन्टेकॉस्टनंतरही चालू ठेवा. एकाच दिवशी शंभर माणसांनी जाऊन यायचं आणि मग वर्षभर कुणी फिरकायचं नाही, यापेक्षा चारजणांनी दर आठवड्याला जाणं बरं.

मदत घेणाऱ्याला उपासनेला यावं लागतं का?

नाही. नाव, धर्म, जात काही विचारलं जात नाही, प्रार्थनेची अट नसते आणि पत्रकही हातात ठेवलं जात नाही. कुणी स्वतःहून 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हटलं तर आनंदाने करतो. मत्तय २५ मध्ये राजा विचारतो ते भुकेल्याला खायला दिलंत का, एवढंच. तो मंडळीत आला का, हे तिथे नाही.

सेवेच्या अर्पणाचा हिशेब कुठे बघायचा?

खजिनदाराकडे. सेवेचे पैसे वेगळ्या खात्यात असावेत आणि जमाखर्च सूचनाफलकावर लागावा. तो लागलेला नसेल तर विचारा. असा प्रश्न कुणी मनाला लावून घेत नाही.

घरात दुःख झालं आहे. ईस्टरला सगळे आनंदात असताना यायला नको वाटतं.

या प्रश्नाला मी घाईने उत्तर देत नाही.

ईस्टरची पहिली व्यक्ती रडत होती. योहानाच्या विसाव्या अध्यायात मरीया मग्दालिया कबरेबाहेर रडत उभी आहे. प्रभू समोर आहे आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिने त्याला ओळखलेलं नाही, तिला तो माळी वाटतो. प्रभू तिला फक्त नावाने हाक मारतो. अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्यही 'आम्हांला आशा होती' असं भूतकाळात बोलत चालले होते, आणि प्रभू मैलोगणती त्यांच्याबरोबर चालला. रिकामा शनिवार याचसाठी आहे: ज्यांचं सगळं शुक्रवारी संपलं आहे आणि जे अजून रविवारपर्यंत पोचलेले नाहीत, त्यांच्यासाठी.

तेव्हा जमेल त्या दिवशी या. मागे बसा, गाऊ नका, मध्येच उठून जा. यायला नाहीच जमलं तर कळवा, दोघीजणी घरी येऊ. न बोलता बसायचं असलं तरी येऊ.

ईस्टरनंतर चर्च रिकामं का होतं? आणि तेव्हा काय असतं?

पुढचाच रविवार वर्षातला सगळ्यात विरळ असतो, हे खरं. ते बदलावं अशी माझी कळकळीची इच्छा आहे, कारण मेथडिस्टांचा स्वतःचा सण ईस्टरनंतरच येतो. २१ मे १७३८ ला, त्या वर्षीच्या पेन्टेकॉस्टच्या रविवारी, आजारपणात अंथरुणावर असलेल्या चार्ल्स यांना देवाच्या क्षमेची खात्री पटली. तीन दिवसांनी, २४ मे रोजी, जॉन लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेला गेले. जायची इच्छा नव्हती, हे त्यांनीच रोजनिशीत लिहिलं आहे. कुणीतरी बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरची, जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना वाचत होतं. पावणेनऊच्या सुमारास त्यांना आपल्या अंतःकरणात विलक्षण ऊब जाणवली. माझं पाप, माझंसुद्धा, त्याने दूर केलं, अशी खात्री वाटली. हा दिवस आपण ऑल्डर्सगेटचा दिवस म्हणून पाळतो. २०२६ मध्ये तो आणि पेन्टेकॉस्ट एकाच रविवारी येतात.

इच्छा नसताना गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडलं, हे मी दारातून परत फिरू बघणाऱ्यांना आवर्जून सांगते.

वर्षातून एकदाच यायला जमणार असेल तर कुठली उपासना गाठावी?

सगळे ईस्टरची पहाट सांगतील. मी पवित्र गुरुवार सांगते. प्रभुभोजन झाल्यावर वेदीवरचं वस्त्र, मेणबत्त्या, क्रूस, पुस्तक एकेक करून आत नेतात. दिवे मंद होतात, शेवटी उघडं लाकूड उरतं आणि आशीर्वाद न घेता, एकही शब्द न बोलता लोक बाहेर पडतात. ते लाकूड तसंच रविवारपर्यंत राहतं. त्या संध्याकाळी दहा मिनिटं आधी या. आत गेल्यावर बोलणं होत नाही, म्हणून जे काही विचारायचं असेल ते दारातच विचारून घ्या. मी तिथेच असते.